वेस्ट हायलँड वे: आधी मुक्काम, मग विमान

दर वर्षी फेब्रुवारी-मार्च उजाडला की ओळखीच्या ट्रेकर मंडळींचा ठरलेला निरोप येतो: मे महिन्याची विमानाची तिकिटं काढली आहेत, स्कॉटलंडमध्ये वेस्ट हायलँड वे चालायचा आहे, आता राहायची सोय सांगा. तोवर वाटेवरच्या इन्व्हरोरन आणि किंग्जहाउस इथल्या खोल्या भरलेल्या असतात. मग मधला मुक्काम मिळत नाही म्हणून एका दिवसात पस्तीस किलोमीटर चालायचं ठरतं, तळपायांना फोड येतात आणि उरलेली वाट बसच्या खिडकीतून बघावी लागते.

यात तब्येतीचा दोष नसतो. राजगड-तोरणा सहज करणारी माणसंही इथे अडकतात. तयारीचा क्रम उलटा लागलेला असतो आणि सह्याद्रीतल्या पावसाचा अंदाज इथल्या पावसाला लावलेला असतो. या दोन गोष्टी जागेवर आल्या तर ही वाट साधारण तब्येतीच्या कोणालाही जमते.

ही पायवाट ग्लासगोच्या उत्तरेला असलेल्या मल्गाय गावापासून फोर्ट विल्यमपर्यंत १५४ किमी जाते. खाली लिहिलेलं सगळं एप्रिलअखेर ते सप्टेंबर या काळापुरतं आहे. हिवाळ्यात इथे बर्फावर चालण्याचं प्रशिक्षण आणि साधनं लागतात. पहिल्या खेपेला त्या वाटेला जाऊ नका.

पायरी १: महिना ठरवा

माझं मत स्पष्ट आहे: मे, तेही दुसऱ्या आठवड्यापासून. एप्रिल-मे हा पश्चिम हायलँडमध्ये त्यातल्या त्यात कोरडा काळ असतो, संध्याकाळी नऊनंतरही उजेड असतो आणि मिजचा त्रास अजून पुरता सुरू झालेला नसतो. मिज म्हणजे चिलटाहूनही बारीक, झुंडीने चावणारा कीटक. शिवाय आपल्याकडच्या शाळांची सुट्टी तेव्हाच असते.

मेचा पहिला आठवडा मात्र टाळा. त्या सुमारास फोर्ट विल्यममध्ये सहा दिवसांची मोटरसायकल स्पर्धा भरते आणि तिथपासून किनलॉखलेव्हनपर्यंत राहायला जागा मिळणं मुश्कील होतं. जून ते ऑगस्ट मिजचा हंगाम असतो आणि गर्दीही जास्त. सप्टेंबर चांगला, पण दिवस भराभर लहान होत जातो, त्यामुळे सकाळी उशिरा निघण्याची चैन परवडत नाही.

पायरी २: रोजच्या मजला कागदावर मांडा

अजून कुठलीही वेबसाइट उघडू नका. आधी वाट किती दिवसांची हे ठरवा. आठ दिवसांची सरळ विभागणी अशी:

१. मल्गाय ते ड्रिमन, १९ किमी. सपाट, सोपी.
२. ड्रिमन ते रोअरडेनन, २२ किमी. मध्ये ३६१ मीटरची कॉनिक हिल.
३. रोअरडेनन ते इन्व्हरार्नन, २२ किमी. लॉख लोमंड सरोवराचा काठ, सगळ्यात खडतर.
४. इन्व्हरार्नन ते टाइनड्रम, १९ किमी.
५. टाइनड्रम ते इन्व्हरोरन, १५ किमी.
६. इन्व्हरोरन ते किंग्जहाउस, १६ किमी. रॅनॉख मूर हे उघडं माळरान.
७. किंग्जहाउस ते किनलॉखलेव्हन, १४ किमी. वाटेतला सर्वोच्च बिंदू, सुमारे ५५० मीटर.
८. किनलॉखलेव्हन ते फोर्ट विल्यम, २४ किमी. मध्ये दुकान नाही, निवारा नाही.

आकडे बघून बहुतेकांना वाटतं, "एवढंच? सहा दिवसांत उरकेल." उंची सह्याद्रीच्या मानाने किरकोळ आहे हे खरंच. पण आपला ट्रेक बहुधा एका दिवसाचा, फार तर दोन दिवसांचा असतो आणि नंतर आठवडाभर पाय मोकळे असतात. इथे आज दुखलेल्या तळव्यावर उद्या पुन्हा वीस किलोमीटर चालायचं असतं. पहिले दोन दिवस कोणालाच काही होत नाही. खरी कसोटी तिसऱ्या-चौथ्या दिवशी लागते.

वेळेचा हिशेब असा करा: ताशी ४ किमी आणि दर १०० मीटर चढाईला १० मिनिटं जास्त. जेवण, फोटो, रेनकोट काढणं-घालणं यासाठी दिवसाला दीड तास. तिसऱ्या मजलेला हा हिशेबही लागू पडत नाही. मध्ये लागणाऱ्या इन्व्हरस्नेडच्या पुढे काही किलोमीटर वाट दगडांमधून आणि झाडांच्या ओल्या मुळांवरून जाते, हात टेकून उतरावं लागतं, आणि तिथे तासाला दोन-अडीच किलोमीटर झाले तरी पुष्कळ.

*इशारा:* सातच दिवस हाताशी असतील तर पाचवी आणि सहावी मजल जोडा. ३१ किमी होतात, पण रस्ता रुंद आणि चढ सौम्य आहे. तिसरी मजल कशालाही जोडू नका. ती इन्व्हरस्नेडला तोडता आली तर उत्तमच.

चालायचं दक्षिणेकडून उत्तरेकडे. इथे वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे पाऊस तोंडावर न येता पाठीवर येतो. सोपा भाग आधी येतो आणि पायांना सवय व्हायला दोन दिवस मिळतात.

पायरी ३: मुक्काम, आणि त्यासोबतच व्हिसाचा विचार

बुकिंग पहिल्या रात्रीपासून क्रमाने करत जाणं ही सर्रास होणारी चूक. ड्रिमन, टाइनड्रम, किनलॉखलेव्हन इथे पर्याय बरेच आहेत. इन्व्हरोरनला जवळजवळ एकच हॉटेल आहे, किंग्जहाउसलाही तसंच. म्हणून क्रम असा ठेवा: आधी इन्व्हरोरन आणि किंग्जहाउस, मग रोअरडेनन आणि इन्व्हरार्नन, बाकीची गावं शेवटी. मधल्या दोन रात्री ज्या तारखांना मिळतील, त्यांवरून सुरुवातीची तारीख ठरवा. मेसाठी हे काम आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये व्हायला हवं.

जागा नाहीच मिळाली तर दोन तोडगे आहेत. टाइनड्रमला दोन रात्री राहा: पहिल्या दिवशी ब्रिज ऑफ ऑर्चीपर्यंत ११ किमी चाला, ट्रेनने टाइनड्रमला परत या आणि दुसऱ्या सकाळी ट्रेननेच पुन्हा तिथे जाऊन पुढे निघा. या मार्गावर दिवसाला मोजक्याच गाड्या असतात, रविवारी त्याहून कमी. म्हणून वेळापत्रक हातात असल्याशिवाय हा बेत पक्का करू नका. किंग्जहाउसच्या बाबतीत महामार्गापर्यंत चालत जाऊन बसने ग्लेन्को गावात मुक्काम करता येतो. सकाळी त्याच थांब्यावर परत यायचं.

आता व्हिसाची अडचण. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा लागतो आणि त्याचा अर्ज प्रवासाच्या फार तर तीन महिने आधी करता येतो. मुक्काम मात्र सहा-सात महिने आधी घ्यावे लागतात. म्हणून बुकिंग करताना विनाशुल्क रद्द करण्याची मुदत काय आहे तेच आधी वाचा. स्वस्त पण रद्द न होणारी खोली इथे महागात पडते.

मुक्काम पक्के झाल्यावरच सामान पोचवणाऱ्या सेवेची नोंदणी करा. त्यांना प्रत्येक रात्रीचा पत्ता लागतो. ते सकाळी तुमची मोठी बॅग उचलतात आणि संध्याकाळच्या मुक्कामावर ठेवतात. एका बॅगेला साधारण २० किलोची मर्यादा असते. पहिल्या खेपेला ही सेवा घ्याच. यात कमीपणा काही नाही, आणि गुडघे वाचतात.

तंबूत राहणार असाल तर एक नियम डोक्यात पक्का बसवा. स्कॉटलंडमध्ये कायद्याने मोकळ्या रानात जबाबदारीने तंबू ठोकता येतो, पण लॉख लोमंडच्या पूर्व काठाच्या बऱ्याच भागात १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात परवाना काढावा लागतो किंवा कॅम्पसाइटवरच राहावं लागतं. दुसरी आणि तिसरी मजल नेमकी याच काठाने जाते. "स्कॉटलंडमध्ये कुठेही राहता येतं" एवढंच ऐकून आलेल्यांना इथे दंड होऊ शकतो. इतरत्र घरांपासून लांब, एका जागी दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त नाही, आणि शौचाला पाण्यापासून निदान ३० मीटर दूर खड्डा करून जायचं.

*तपासा:* एका कागदावर आठ ओळी. प्रत्येक ओळीत तारीख, मजल, मुक्कामाचं नाव, फोन, रद्द करण्याची शेवटची तारीख, रात्रीच्या जेवणाची वेळ. एकही रकाना रिकामा असेल तर पुढच्या पायरीवर जाऊ नका.

पायरी ४: विमान आणि रेल्वे

आता विमान. मुंबईहून लंडन, दुबई किंवा दोहामार्गे ग्लासगो किंवा एडिंबराला उतरा. उतरल्याच्या दिवशीच चालायला सुरुवात करू नका, मध्ये एक रात्र ग्लासगोत हवीच. झोप भरून निघते आणि गॅसचा डबा, उशिरा पोचलेलं सामान, सिमकार्ड ही कामं होतात. गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत. चालायच्या काठ्या आणि तंबूच्या खुंट्या चेक-इन बॅगेत, पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

ग्लासगो क्वीन स्ट्रीट स्थानकातून मल्गायला लोकल जाते, अर्ध्या तासाच्या आत पोचवते. नावाचं इंग्रजी स्पेलिंग वाचताना "मिल्नगावी" असं वाटतं. पाटीवर तेच शोधा. परतताना फोर्ट विल्यम ते ग्लासगो ट्रेनला पावणेचार तासांच्या आसपास लागतात, बसला थोडं कमी. उन्हाळ्यात दोन्हींत जागा आधी राखून ठेवा. आणि चालणं संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी परतीचं विमान ठेवू नका.

पायरी ५: पाय तयार करा

बूट निदान दोन महिने आधी घ्या आणि ते घालून शंभरेक किलोमीटर चाला. चालून पाय थोडे फुगतात. म्हणून बूट संध्याकाळी, जाड मोजे घालूनच घालून बघा आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा. उतारावर अंगठा पुढे आपटत असेल तर किनलॉखलेव्हनच्या लांब उतारावर नखं काळी पडतात.

सरावात चढाईपेक्षा सलगपणाला महत्त्व द्या. रविवारी एक किल्ला करण्याऐवजी शनिवार-रविवार सलग, दोन्ही दिवस पंधरा ते वीस किलोमीटर, पाठीवर तीच पिशवी आणि पायात तेच बूट. डांबरी आणि खडीचा रस्ता मुद्दाम निवडा. रॅनॉख मूरवरचा जुना दगडी रस्ता तळव्यांना जो मार देतो, तो मऊ मातीच्या वाटेवर सराव करून कळत नाही.

फोडांबद्दल एकच सांगणं आहे. टाचेवर किंवा बोटावर गरम-गरम जाणवायला लागलं की त्या मिनिटाला थांबा. बूट काढा, मोजा काढा, पाय पुसून कोरडा होऊ द्या, त्या जागी झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी सुरकुती न पडता लावा, मोजा उलटा करून आत अडकलेला खडा-काडी झटका, मग बूट. याला पाच मिनिटं लागतात. "पुढच्या गावात बघू" म्हणून टाळलं तर तीच जागा पुढचे पाच दिवस छळते.

पायरी ६: पाठीवरची पिशवी

सह्याद्रीत जुलैच्या पावसात भिजत चढण्याची आपल्याला सवय असते. भिजलो तरी हवा उबदार असते, अंग गरम राहतं आणि घरी जाऊन चहा घेतला की झालं. इथे मे महिन्यातसुद्धा तापमान पाच-सहा अंशांवर येऊ शकतं, वारा जोराचा असतो आणि पाऊस तासन् तास सुरू राहतो. ओलं अंग आणि वारा एकत्र आले की शरीर आतून थंड पडायला लागतं, आणि त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

म्हणून सुती कपडा एकही नाही. जीन्स नाही, सुती टी-शर्ट नाही, सुती अंतर्वस्त्रही नाही. थर असे:

अंगालगत मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टरचा पातळ सदरा. त्यावर फ्लीस. त्यावर टोपी असलेलं, शिवणी सीलबंद केलेलं जलरोधक जॅकेट. पायात लवकर वाळणारी पँट आणि वरून घालायची जलरोधक पँट. लोकरीची टोपी आणि हातमोजे मेमध्येही हवेत. एक उबदार सदरा आणि मोज्यांची एक जोडी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तळाशी ठेवा आणि मुक्कामाला पोचेपर्यंत किंवा संकट येईपर्यंत तिला हात लावू नका.

आपल्याकडचा पोंचो इथे चालत नाही. उघड्या माळावर वारा तो डोक्यावर उलटवतो. छत्रीचंही तेच. जलरोधक पँट घेताना ती बूट न काढता वरून चढवता येईल अशी, पायाशी लांब चेन असलेली घ्या आणि घरी उभ्या-उभ्या घालून बघा. भर पावसात एका पायावर उड्या मारत बूट काढायची वेळ आली की लोक "जाऊ दे, थोडाच पाऊस आहे" म्हणतात आणि मांड्या भिजवून घेतात.

पिशवीच्या वरून येणारं कव्हर वाऱ्यात उडतं. आतून जाड प्लास्टिकची मोठी पिशवी लावा, हाच खात्रीचा उपाय. याशिवाय रोज सोबत हवं ते: कागदी नकाशा, होकायंत्र, कपाळावर लावायची बॅटरी, शिट्टी, पातळ आपत्कालीन पिशवी, प्रथमोपचार, गोचीड काढायचं साधन, डोक्यावरून घ्यायची मिजची जाळी, पाणी आणि दिवसभराचं खाणं. मोठी बॅग गाडीने जात असली तरी हे सगळं तुमच्या पाठीवरच पाहिजे.

*तपासा:* निघण्याआधी सगळे कपडे घालून शॉवरखाली दहा मिनिटं उभे राहा. पाणी कुठून शिरतं ते घरीच कळू दे.

पायरी ७: खाणं

ड्रिमन, बाल्महा (दुसऱ्या मजलेवर, कॉनिक हिल उतरल्यावरचं गाव), टाइनड्रम आणि किनलॉखलेव्हनला दुकानं आहेत. टाइनड्रमनंतर थेट किनलॉखलेव्हनपर्यंत, म्हणजे ४५ किमी, मध्ये फक्त हॉटेलं. टाइनड्रमला दोन दिवसांचं दुपारचं खाणं घेऊनच पुढे निघा.

हॉटेलांची स्वयंपाकघरं रात्री आठ-साडेआठलाच बंद होतात. उशिरा पोचलात तर चिप्सच्या पाकिटावर झोपावं लागेल. शाकाहारी पदार्थ जवळपास सगळीकडे एखाद-दुसरा मिळतो. अंडं चालत नसेल तर बुकिंग करतानाच लिहून कळवा. दुपारचा डबा हवा असेल तर आदल्या रात्री सांगावा लागतो.

घरून काय न्यावं? भाजक्या पोह्यांचा चिवडा, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, चटण्या उत्तम. चालताना दर तासाला मूठभर खाता येतं. पण ब्रिटनमध्ये भारतातून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे. पेढे, बर्फी, तूप बॅगेत भरू नका आणि लाडू तुपाविना करा.

ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वर मेंढ्या चरत असतात. गाळून किंवा निर्जंतुक करूनच प्या. नळाचं पाणी निर्धास्त प्या.

पायरी ८: रोज सकाळचा निर्णय

फोनवरचं शहराचं हवामान बघून निघू नका. फोर्ट विल्यममधलं तापमान डोंगरावर लागू होत नाही. डोंगरी हवामानाचा स्वतंत्र अंदाज मेट ऑफिस (ब्रिटनचं हवामान खातं) आणि माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस दोघंही देतात. त्यात तीन गोष्टी बघा, याच क्रमाने: वारा, पाऊस कधी वाढणार, ढग किती खाली उतरणार. वाऱ्याचे आकडे ताशी मैलात असतात. ४० मैलांचा वारा म्हणजे ताशी ६५ किमी, आणि त्यात उघड्या कड्यावर तोल सांभाळणं अवघड होतं.

ही वाट बहुतेक खालूनच जाते, त्यामुळे पाऊस आहे म्हणून दिवस रद्द करायची गरज क्वचितच पडते. अपवाद दोन: कॉनिक हिल आणि किंग्जहाउसनंतरचा डेव्हिल्स स्टेअरकेस हा चढ. वादळी वाऱ्याचा इशारा असेल तर कॉनिक हिल सोडून रस्त्याने बाल्महाला जा. डेव्हिल्स स्टेअरकेसच्या दिवशी वारा उतरेपर्यंत थांबा. तो दिवस १४ किमीचाच आहे, दुपारी बाराला निघालात तरी मे महिन्यात उजेडात पोचता.

*तपासा:* आठपर्यंत पाय वाटेला लागले पाहिजेत. निघताना हॉटेलवाल्यांना आजचा मुक्काम सांगा आणि पोचल्यावर घरच्यांना कळवा.

पायरी ९: वाटेवर

षटकोनात काट्याचं फूल, अशी खूण लाकडी खांबांवर सगळीकडे आहे. चुकायला होतं ते गप्पांच्या नादात फाटा सुटला की. पंधरा मिनिटं खूण दिसली नाही तर मागे फिरा, अंदाजाने आडवे जाऊ नका. दलदलीत गुडघाभर पाय जातो.

पहिल्या दिवशी हळू चाला. रस्ता सपाट आहे म्हणून सगळे पळतात आणि पहिला फोड इथेच येतो. कॉनिक हिलवरून बाल्महाला उतरणाऱ्या पायऱ्या तीव्र आहेत, काठ्या लांब करून घ्या.

लॉख लोमंडच्या काठची मजल ओली असताना काठ्या पिशवीला बांधून टाका आणि हात मोकळे ठेवा. ओल्या मुळावर पाय देऊ नका. दोन मुळांच्या मधल्या मातीत द्या. इन्व्हरस्नेडला पोचायला दुपारचे तीन वाजले असतील आणि गटात कोणी थकलं असेल तर तिथेच विचार करा, कारण पुढचे तासन् तास बाहेर पडायला गाडीरस्ता नाही. सरोवराच्या उत्तर टोकाला आर्डलीशला एक सोय आहे: धक्क्यापाशी खांबावर दोरीने चेंडू वर चढवायचा, तो बघून पलीकडच्या आर्डलुईहून छोटी होडी न्यायला येते. होडी फक्त हंगामात आणि दिवसाच्या ठरलेल्या वेळांतच चालते. आर्डलुईला रेल्वे स्थानक आहे.

गायी वासरांसोबत असतील तर लांबून वळसा घ्या. फाटक उघडं दिसलं तर उघडं, बंद दिसलं तर बंद ठेवा.

रॅनॉख मूरवर आडोसा नाही. जॅकेट आणि जलरोधक पँट पाऊस सुरू व्हायच्या आधी, इन्व्हरोरन सोडतानाच घाला. डेव्हिल्स स्टेअरकेस नावाला घाबरू नका. चढ तासाभराचा आहे. गुडघे घेतो तो पलीकडचा उतार, ५५० मीटरवरून जवळजवळ समुद्रसपाटीपर्यंत. वरून किनलॉखलेव्हन दिसायला लागलं की पोचलोच असं वाटतं, पण अजून दीड तास तरी लागतो.

मिजसाठी: वारा ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या वर असला की त्या उडत नाहीत. सकाळ-संध्याकाळ, दमट आणि स्तब्ध हवेत त्यांचा जोर असतो. म्हणून विश्रांती उघड्यावर, वाऱ्याच्या जागी घ्या, ओढ्याकाठच्या झाडीत नको.

पायरी १०: कोणी गारठलं किंवा पडलं तर

गटात कोणी कुडकुडायला लागलं, अडखळायला लागलं, बोलणं जड झालं, बंद लावायला बोटं चालेनात, तर ती गारठ्याची सुरुवात आहे. तो माणूस "मी ठीक आहे" म्हणेल, ऐकू नका. आडोसा शोधा, ओला सदरा काढून तळाशी ठेवलेला कोरडा घाला, टोपी घाला, आपत्कालीन पिशवीत बसवा, गोड खायला द्या. मद्य अजिबात नाही. कुडकुडणं थांबलं पण माणूस गुंगीत आहे, तर प्रकृती बिघडते आहे. लगेच मदत बोलवा.

मदतीसाठी ९९९ किंवा ११२ लावा, आधी "पोलीस" मागा आणि मग "माउंटन रेस्क्यू". नकाशावरची जागा, किती जण, काय झालं आणि फोनची बॅटरी किती हे सांगा. ही पथकं स्वयंसेवकांची आहेत आणि पैसे घेत नाहीत. सिग्नल कमी असेल तर संदेश पाठवता येतो, पण त्यासाठी ग्लासगोत ब्रिटिश सिम घेतल्यावर ९९९ वर "रजिस्टर" असा इंग्रजी संदेश पाठवून नोंदणी करून ठेवावी लागते. फोन नसेल तर मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. आणि प्रवास विमा घेताना डोंगरातलं चालणं त्यात येतं का ते वाचूनच सही करा.

पायरी ११: बेन नेव्हिस करायचं असेल तर

फोर्ट विल्यमला पोचल्यावर पुष्कळांना शेजारचा बेन नेव्हिस डोंगर खुणावतो. १३४५ मीटर ऐकून लोक म्हणतात, कळसूबाई १६४६ आहे, तीनशे मीटर जास्तच. पण कळसूबाईची चढाई सुरू करताना आपण बऱ्याच उंचीवर उभे असतो. इथे पायथा जवळजवळ समुद्रसपाटीला आहे, म्हणजे अख्खी उंची पायांनी चढायची. जाऊन-येऊन सात ते नऊ तास लागतात. माथ्यावर पायथ्यापेक्षा आठ-नऊ अंश कमी तापमान असतं आणि मेमध्ये वर बर्फ असणं नेहमीचंच.

मध्ये एक दिवस विश्रांती घ्या, आठच्या आत निघा आणि "दुपारी एकला जिथे असू तिथून मागे" असं ठरवून निघा. वरचा पठारी भाग ढगात असेल आणि वाट बर्फाखाली असेल तर नकाशा-होकायंत्र वापरता येणाऱ्यांनीच वर जावं. माथ्यावरून उतरताना एका बाजूला उत्तरेचा कडा आणि दुसऱ्या बाजूला खोल घळ आहे. म्हणून दिशा ठरलेली आहे: उंची-खुणेच्या खांबापासून नकाशावरच्या २३१ अंशांवर १५० मीटर, मग २८२ अंश. चुंबकीय फरक धरायला विसरू नका. हे वाक्य वाचून होकायंत्र कसं फिरवायचं ते कळलं नसेल तर स्वच्छ हवेचाच दिवस निवडा किंवा वाटाड्या घ्या.

पायरी १२: परतताना

रोज संध्याकाळी अंघोळीच्या वेळी गोचीड शोधली असेलच. कमरेएवढ्या नेच्यांमधून चाललेल्या दिवशी तर नक्की शोधा: गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली, मुलांच्या केसांत. त्या तिळाएवढ्या असतात. सापडली तर साधनाने कातडीलगत धरून सावकाश ओढा. तेल, रॉकेल, चुना, काडेपेटी हे आपले घरगुती उपाय करू नका. त्याने गोचीड पोटातलं जखमेत ओकते आणि गोचीड चावून होणाऱ्या लाइम रोगाचा धोका वाढतो. चावल्याची तारीख आणि जागा लिहून ठेवा, फोटो काढा.

पुढच्या काही आठवड्यांत त्या जागेभोवती पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं किंवा ताप-अंगदुखी आली तर पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा की स्कॉटलंडमध्ये गोचीड चावली होती. आपल्याकडे हा आजार क्वचित दिसतो, त्यामुळे तुम्ही सांगितलं नाही तर त्यांच्या डोक्यात तो येणार नाही. प्रतिजैविकं वेळेवर सुरू झाली की तो बरा होतो.